कमी खाऊन तेवढीच वाढणारी कालवड ओळखायची कशी? चाऱ्याच्या हिशोबामागचं तंत्रज्ञान

दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात. धान कापून झालं होतं, पण या वेळी बांधीत हार्वेस्टर फिरला होता. मशीननं धान पटकन घरी येतं, तणस मात्र तुकडे होऊन बांधीतच विखुरते. ती गोळा करायला मजूर मिळत नाहीत. दरवर्षी कोठ्यामागे उभी राहणारी तणशीची गंजी या वेळी निम्मीही नव्हती.

काकाजींच्या कोठ्यात दोन कालवडी होत्या, एक लाली आणि एक कबरी. दोन्ही संकरित, वयात जेमतेम पंधरा दिवसांचा फरक. चारा एकीपुरताच होता. काकाजी म्हणाले, "तू कंप्युटरवाला आहेस ना बाबू, सांग मंग कोनती ठेवू न कोनती इकू?"

मी हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप येईना. प्रश्न साधा वाटतो: जी कमी खाऊन तेवढीच वाढते ती ठेवावी. पण "कमी खाते" हे ठरवायचं कसं? जगभर याच एका प्रश्नावर साठ वर्षं काम झालंय, त्यासाठी खास गव्हाणी, सेन्सर, डीएनए चिप तयार झाल्यात. ते सगळं समजून घेताना मला जे कळलं आणि कोठ्यात करून बघताना जी फजिती झाली, ते इथे सांगतो.

हा प्रश्न मुळात कुणाचा?

मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांचा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथे जनावर वजनावर विकलं जातं आणि खर्चातला सगळ्यात मोठा वाटा चाऱ्याचा असतो. त्यामुळे पैदाशीसाठी वळू निवडताना तो किती वाढतो एवढंच बघून भागत नाही, किती खाऊन वाढतो हेही बघावं लागतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तो धंदा इथे नाही. पण हिशोब तोच लागू पडतो. आपल्याकडे दुधाच्या खर्चात चारा आणि खुराक मिळून साठ-सत्तर टक्के जातात. बैल तर वर्षातले दोन-तीन महिने काम करतो आणि बारा महिने खातो.

गंमत म्हणजे या संशोधनातलं एक मोठं काम आपल्याच रक्ताच्या गुरांवर झालंय. ब्राझीलमधल्या पांढऱ्या 'नेलोर' गायी म्हणजे आंध्रच्या किनारपट्टीवरच्या ओंगोल जातीचे वंशज. आपल्याकडून शेवटची मोठी खेप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. आज ब्राझीलच्या कळपात सगळ्यात जास्त हीच गुरं आहेत, आणि साओ पावलो राज्यातल्या सर्ताओझिन्यो इथल्या सरकारी केंद्रात नेलोर वळूंची चारा-कार्यक्षमता वर्षानुवर्षं मोजली जाते.

पहिला हिशोब, जो फसवतो

कोंबडीवाल्यांना हा हिशोब पाठ असतो: किती किलो खाद्य दिलं भागिले किती किलो वजन वाढलं. त्याला एफसीआर म्हणतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं.

गुरांमध्ये हाच आकडा धरून पैदास केली तर काय होतं? कोणत्याही जनावराच्या खाण्याचे दोन भाग असतात. एक भाग नुसतं जिवंत राहायला लागतो: श्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब, झिजलेल्या पेशींची दुरुस्ती. याला आपण पोटाचा खर्च म्हणू. उरलेला भाग वाढीला, दुधाला किंवा कामाला. जे जनावर भराभर वाढतं त्याचा पोटाचा खर्च जास्त किलोंवर विभागला जातो, म्हणून त्याचा एफसीआर आपोआप चांगला दिसतो. म्हणजे एफसीआर बघून निवड केली की तुम्ही नकळत भराभर वाढणारी, आणि पुढे जाऊन मोठ्या अंगाची, जनावरं निवडता. वळू कापायचा असेल तर ठीक. पण त्याच्या मुली गायी म्हणून कळपात राहतात, त्या मोठ्या होतात आणि आयुष्यभर जास्त खातात. एका ठिकाणी वाचवलेला चारा दुसऱ्या ठिकाणी दुप्पट जातो.

पोटाचा खर्च वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हेही इथेच सांगतो. तो साधारण वजनाच्या ०.७५ व्या घाताप्रमाणे वाढतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: २५० किलोचा ०.७५ वा घात सुमारे ६३ येतो, ४०० किलोचा सुमारे ८९. म्हणजे वजन ६० टक्के जास्त, पण पोटाचा खर्च ४२ टक्केच जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरा हिशोब: अपेक्षेपेक्षा किती कमी?

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी विचारलं की या वजनाच्या आणि या वेगानं वाढणाऱ्या जनावराने किती खायला हवं होतं, आणि त्याने प्रत्यक्षात किती खाल्लं? या दोघांतल्या फरकाला रेसिड्युअल फीड इनटेक म्हणतात, थोडक्यात आरएफआय. मराठीत "उरलेला चाराफरक" म्हणता येईल, पण मी आरएफआयच वापरतो.

समजा एकाच वयाच्या तीस-चाळीस कालवडी एकत्र, एकाच खाद्यावर ठेवल्या. प्रत्येकीचं वजन, रोजची वाढ आणि रोजचं खाणं मोजलं. त्या सगळ्या आकड्यांतून संगणक एक रेषा काढतो: या गटात, एवढ्या वजनाला आणि एवढ्या वाढीला सरासरी एवढं खाणं लागतं. आता त्यातली एक कालवड घ्या. तिच्या वजन-वाढीप्रमाणे तिने रोज ५ किलो कोरडा चारा खायला हवा होता, तिने ४.६ किलो खाल्ला. तिचा आरएफआय झाला उणे ०.४. दुसरीनेही ५ किलो खायला हवं होतं, तिने ५.५ खाल्लं. तिचा अधिक ०.५. दोघी दिसायला सारख्या, वाढ सारखी, आणि रोजचा फरक ९०० ग्रॅमचा. वर्षाला सुमारे ३३० किलो कोरडा चारा. तणशीत साधारण ९० टक्के कोरडा भाग धरला तर ३६५ किलो तणस.

इथे उणे म्हणजे चांगलं. सुरुवातीला मी दोनदा उलटं वाचलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

या पद्धतीची खुबी अशी की वजन आणि वाढ आधीच वजा झालेली असते. त्यामुळे मोठ्या अंगाची जनावरं चोरवाटेनं निवडली जात नाहीत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी केंद्रात १९९० च्या दशकात अँगस गुरांचे दोन कळप याच आकड्यावर वेगळे केले, एकात उणे आरएफआयचे आईबाप आणि दुसऱ्यात अधिक आरएफआयचे. जेमतेम दोन पिढ्यांत दोन्हीकडच्या वासरांच्या आरएफआयमध्ये रोज सव्वा किलोच्या आसपास फरक पडला, आणि वासरांची वजनं जवळजवळ सारखीच होती. म्हणजे हा गुण आईबापांकडून येतो. गुरांमधल्या अभ्यासांत त्यातला साधारण ३० ते ४० टक्के फरक आनुवंशिक निघतो. हे प्रमाण चांगलं आहे. गाभण राहण्यासारख्या गुणांत ते खूप कमी असतं.

हा फरक येतो कुठून?

आमच्याकडे म्हणतात, "तिच्या अंगी लागते." अंगी लागणं म्हणजे नेमकं काय, यावर ऑस्ट्रेलियातल्याच रिचर्डसन आणि हर्ड यांनी २००४ मध्ये एक अंदाज मांडला. मला वाटलं होतं की पचनाचाच सगळा खेळ असणार. तसं नाही. त्यांच्या हिशोबात पचनाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच आहे. सगळ्यात मोठा वाटा, एक तृतीयांशाहून जास्त, शरीरातली प्रथिनं मोडून परत बांधण्याचा आणि ताणाचा. काही जनावरांचं शरीर ही मोडतोड-बांधणी जास्त करतं आणि त्यात ऊर्जा जाते. जे जनावर सतत बुजतं, कान टवकारून असतं, दोर ओढत राहतं, तेही ऊर्जा उधळतं. हालचालीचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात, बाकी अंगातली चरबी, खाण्याची पद्धत वगैरे, आणि बराच भाग अजून उलगडलेला नाही.

म्हणजे शांत स्वभावाची गाय घ्यावी असं जुने लोक म्हणायचे, त्यात दुधाला सोपी जाते एवढंच कारण नसावं.

आणखी एक फायदा: जे जनावर कमी खातं त्याच्या पोटात मिथेनही कमी तयार होतो. गुरांच्या खाद्यातल्या ऊर्जेपैकी साधारण सहा टक्के ऊर्जा ढेकरांतून मिथेन बनून जाते. तो वायू हवामानाला जड, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो हवेत उडालेला चाराच.

मोजतात कसं?

वजन करायला काटा पुरतो. खाणं मोजायला मात्र फार सायास पडतात. गुरं गटात, मोकळी, आपापल्या मर्जीनं खाणारी हवीत, आणि तरी प्रत्येकीनं किती खाल्लं ते वेगळं कळायला हवं.

कॅनडातल्या ग्रोसेफ कंपनीची किंवा नेदरलँड्समधली इन्सेन्टेकची गव्हाण हे काम करते. प्रत्येक जनावराच्या कानात रेडिओ चिप असलेला बिल्ला असतो. गव्हाणीच्या तोंडाशी अँटेना असतो आणि गव्हाण स्वतः लोड सेलवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभी असते. जनावरानं मान आत घातली की अँटेना बिल्ला ओळखतो, काटा सुरुवातीचं वजन टिपतो. मान बाहेर काढली की शेवटचं वजन. मधला फरक त्या बिल्ल्याच्या खात्यात जमा. एका वेळी एकच डोकं आत जाईल एवढीच जागा असते. दिवसभरात एक जनावर अनेकदा येतं, प्रत्येक फेरीची नोंद होते.

साधारण तीन आठवडे गुरांना या गव्हाणीची सवय करतात आणि मग ७० दिवस चाचणी चालते. खाण्याचा अंदाज ३५ दिवसांत बऱ्यापैकी स्थिर होतो, पण वाढीचा वेग नीट कळायला ७० दिवस लागतात, कारण जनावराचं वजन रोज हलतं. पाणी प्यायलं, शेण टाकलं, की किलोंचा फरक.

आपल्याकडच्या गुरांच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो, बारा अंकी पशुआधारचा, तो असा रेडिओ बिल्ला नाही. त्यावर नंबर आणि बारकोड असतो. पण नंबर आहे म्हणजे नोंदी एका जागी जोडायची सोय आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचा पाया तोच आहे.

आमच्या कोठ्यातला प्रयोग

सेन्सरवाली गव्हाण परवडणार नव्हती. मी बॅग मोजायचा लटकवायचा डिजिटल काटा आणला आणि काकाजींना म्हटलं, "काकाजी, एकवीस दिवस द्या. विकायची घाई करू नका."

काकाजींचं मत आधीच ठरलं होतं. कबरी खादाड, तिची गव्हाण नेहमी चाटूनपुसून रिकामी. लाली थोडं खाते, उरवते, तरी अंगानं बरी. म्हणून लाली ठेवायची. पहिल्या आठवड्याचे आकडेही तेच सांगत होते. सकाळी तणस आणि लाखोळीचं कुटार मोजून टाकायचं, वर थोडी ढेप आणि चुनी, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. लाली रोज बरंच उरवायची, कबरी काहीच नाही. मी वहीत लाल पेनानं लिहूनही टाकलं होतं: लाली.

आठव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली म्हणून मी टॉर्च घेऊन कोठ्यात गेलो. लालीचं दावं लांब होतं. तिने आपल्या गव्हाणीतली चुनी लागलेली वरची वरची तणस वेचून खाल्ली होती, जाड काड्या तशाच ठेवल्या होत्या आणि मान लांब करून कबरीच्या गव्हाणीतलं खात होती. कबरी बिचारी बाजूला सरकून उभी. म्हणजे कबरीची गव्हाण रिकामी करण्यात लालीचा हात होता आणि नाव कबरीचं झालं होतं.

मग मध्ये फळी ठोकली, दावं आखूड केलं, तणशीची कुट्टी करून टाकायला लागलो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. दोघींच्या खाण्यातला फरक जवळजवळ संपला.

पण तेवढ्यानं आरएफआय मिळत नाही, कारण वाढही मोजायला हवी. मोठा काटा नव्हता, म्हणून टेपनं मोजलं. रीत सोपी आहे: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. कबरीचा घेर ५४, लांबी ४६, म्हणजे सुमारे २०३ किलो.

अडचण ही की या रीतीत पाच-दहा टक्के चूक सहज होते. दोनशे किलोला दहा ते वीस किलो. आणि कालवड रोज ३०० ग्रॅम वाढत असली तर एकवीस दिवसांत वाढते सहा किलो. जे मोजायचंय त्याच्या दुप्पट-तिप्पट आपली चूकच. शिवाय अपेक्षित खाणं काढायला तीस-चाळीस जनावरांचा गट लागतो, आमच्याकडे होत्या दोन. त्यामुळे घरच्या कोठ्यात आरएफआय काढता येत नाही, हे मी काकाजींना स्पष्ट सांगितलं. कुणी तुम्हाला एका गायीकडे बघून "ही कमी चाऱ्यात चालणारी आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर त्याने ते कशावरून ठरवलं एवढं विचारा.

डीएनएवरून कळत नाही का?

कळू शकतं, आणि खरी मजा तिथेच आहे. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी जीनोमिक निवडीची कल्पना मांडली. काही हजार जनावरांचं खाणं प्रत्यक्ष मोजायचं, त्यांचा डीएनए चिपवर वाचायचा, डीएनएमधल्या हजारो खुणांपैकी कोणत्या खुणा कमी खाण्याशी जोडल्या जातात ते संगणकानं काढायचं. मग ज्या जनावराचं खाणं कधीच मोजलं नाही, त्याच्या केसांच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून अंदाज बांधायचा. वासरू जन्मल्यावर महिन्याभरातही.

ऑस्ट्रेलियानं २०१५ मध्ये दुधाच्या गायींसाठी 'फीड सेव्ह्ड' नावाचा आकडा असाच काढला. त्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या कालवडींचं खाणं मोजलेलं होतं, आणि गायीच्या अंगाचं वजनही त्यात धरलं. अमेरिकेनं होल्स्टीनसाठी तसाच आकडा डिसेंबर २०२० पासून द्यायला सुरुवात केली. तिथला शेतकरी वळूच्या यादीत दूध, फॅट यांच्या शेजारी "चारा किती वाचेल" हा रकानाही बघतो.

आपल्याकडे चिप आली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशू जैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२१ मध्ये देशी गायींसाठी 'इंडिगौ' चिप आणली, तिच्यात ११,४९६ खुणा आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या विदर्भातच, वाशीम जिल्ह्यात, पंतप्रधानांच्या हस्ते गायींची 'गौ चिप' आणि म्हशींची 'महिष चिप' जाहीर झाली. पण चिप म्हणजे फक्त वाचायचं यंत्र. काय वाचायचं ते आधी प्रत्यक्ष मोजून शिकवावं लागतं. एका जातीवर शिकलेलं दुसऱ्या जातीला नीट लागू पडत नाही, आणि मक्याच्या मुरघासावर मोजलेलं तणशीवर तसंच राहील याची खात्री नसते. धानाच्या तणशीत प्रथिनं तीन-चार टक्केच, वाळूसारखं सिलिका भरपूर, आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडतं. अशा चाऱ्यावर कोण टिकतं, हा वेगळाच पेपर आहे.

म्हणून मला कठाणी जातीबद्दल उत्सुकता आहे. आपल्या पूर्व विदर्भातली ही गुरं अलीकडेच, २०२२-२३ च्या सुमारास, देशाच्या अधिकृत जातींच्या यादीत आली, आपल्याच विदर्भातल्या पूर्णाथडी म्हशीसोबत. दूध आणि ओढकाम दोन्हीला चालणारी, चिखलातल्या धानशेतीला सोयीची अशी तिची नोंद आहे. अंगानं लहान. वर काढलेला हिशोब आठवा: लहान अंग म्हणजे पोटाचा खर्च कमी. तणस आणि आखरावरून निघालेल्या कळपातल्या चरण्यावर पिढ्यान् पिढ्या निभावलेल्या या गुरांत चारा वाचवणारे गुण असणं शक्य आहे. पण "शक्य आहे" आणि "मोजलंय" यात फरक आहे. मोजायचंच झालं तर घरोघरच्या गायी मोजण्यात अर्थ नाही. एक गाय आयुष्यात सात-आठ वासरं देते, वीर्यकेंद्रावरच्या एका वळूची हजारो होतात. म्हणून वीस-तीस निवडक गोऱ्हे एकत्र आणून, तणस हाच मुख्य चारा ठेवून, ७० दिवस मोजले तर खर्च वसूल होतो. शंकरपटात गोऱ्ह्याचा वेग सेकंदांत मोजणारे आपण त्याचं खाणंही मोजू शकतो, एवढंच माझं म्हणणं.

पण आधी याहून मोठं भोक बुजवा

इतकं सगळं वाचल्यावर मी एक साधा हिशोब मांडला आणि जरा वरमलोच.

अडीचशे किलोची कालवड रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे सव्वासहा किलो. वर्षाला सुमारे २,२८० किलो. आता समजा एक कालवड अडीच वर्षांची असताना व्याली आणि दुसरी साडेतीन वर्षांची असताना. दुसरीनं एक वर्ष जास्त, एक थेंब दूध न देता, २,२८० किलो खाल्लं. वरच्या उदाहरणातला आरएफआयचा फरक होता वर्षाला ३३० किलो. म्हणजे एक वर्ष उशिरा व्याली की चांगल्या आरएफआयची सात वर्षांची बचत गेली. दोन वेतांमधलं अंतर तेरा-चौदा महिन्यांऐवजी वीस महिने झालं तरी तेच, भाकड गाय खातच राहते.

आणि काही अभ्यासांत असंही दिसलंय की फार उणे आरएफआयच्या कालवडी अंगात चरबी कमी धरतात आणि किंचित उशिरा माजावर येतात. ऑस्ट्रेलियात काही दिवसांचा उशीर परवडतो. आपल्याकडे जिथे कालवड आधीच उशिरा माजावर येते, तिथे नुसता आरएफआय धरून निवड करणं मला धोक्याचं वाटतं. तो रकाना असावा, पण तिसरा-चौथा. आधी वय, वेतातलं अंतर आणि दूध.

चाऱ्याचं नुकसान तर त्याहून सोप्या गोष्टींत आहे. तणशीची कुट्टी केली की काड्या उरत नाहीत. शंभर किलो तणशीला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि एकवीस दिवस हवाबंद दाबून ठेवली तर ती जास्त पचते आणि प्रथिनंही वाढतात. मात्र ही तणस सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका, उघडल्यावर वास उडू द्या, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नका, जीव जातो. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला समोर ठेवा. खनिज मिश्रण रोज, जंतनाशक वेळेवर. कालवडीच्या पोटात जंत असतील तर तिचा आरएफआय काढून काय करणार?

मग कोणती ठेवली?

काकाजींनी जुन्या कॅलेंडरांच्या मागे लिहिलेल्या तारखा काढल्या. कबरीची आई दर तेरा-चौदा महिन्यांनी व्यायलेली, तीन वेतं सलग. लालीची आई दुसऱ्या वेतानंतर दीड वर्ष भाकड होती, दोनदा उलटलेली. दूध दोघींचं सारखंच. तणशीच्या काट्यानं जे सांगितलं नाही ते कॅलेंडरनं सांगितलं. कबरी राहिली. लाली काकूंच्या माहेरी गेली. तिथे नहराचं पाणी आहे आणि हिरवा चारा बारमाही.

काकूंचं म्हणणं आहे की माझी फळी चांगली होती, ती तेवढी काढू नका. ती अजून तिथेच आहे. कोठ्याच्या खांबाला एक वही टांगली आहे: महिन्यातून एकदा घेर आणि लांबी, माजाची तारीख, रेतनाची तारीख आणि वीर्यकांडीवरचा वळूचा नंबर. गेल्या महिन्यात कबरीचा घेर ५८ इंच भरला, लांबी ४८. काकाजींनी फोनवर विचारलं, "आता किती किलो झाली रे?" मी म्हटलं, "काकाजी, कॅल्क्युलेटर तुमच्याही मोबाइलात आहे." पाच मिनिटांनी त्यांचा मेसेज आला: २४५.